काटा, पांढरी पेशी आणि गोठलेले रक्त

मुरबाडहून म्हशाच्या यात्रेला जाणाऱ्या रस्त्यावर एक लहानसे गाव आहे. तिथल्या शाळेतले एक गुरुजी अधूनमधून माझ्याकडे येतात. दोन वर्षांमागे भाताच्या लावणीत त्यांच्या धाकट्या भावाच्या पायात काटा मोडला. काटा कसला, तर बांधावरच्या करवंदीचा. सुईने उकरून काढला, वर हळद भरली आणि गडी पुन्हा चिखलात उतरला. तिसऱ्या दिवशी पाय सुजला, चौथ्या दिवशी हुडहुडी भरून ताप आला, पाचव्या दिवशी तो बरळू लागला. तेव्हा कुठे गाडी करून त्याला कल्याणला नेले. रक्ताचा रिपोर्ट आला. पांढऱ्या पेशी २२ हजार. आणि प्लेटलेट, म्हणजे डेंग्यूच्या दिवसांत आपण नुसत्या 'पेशी' म्हणतो त्या, उतरून ४० हजारांवर आलेल्या. डॉक्टर म्हणाले, सेप्सिस झाला आहे, जंतुदोष सगळ्या शरीराला भोवला आहे, रक्तात गुठळ्या होताहेत. पायाची बोटे काळी पडली. आणि गंमत नव्हे, दुर्दैव पाहा, त्याच वेळी जिथे जिथे सुई टोचली होती तिथून रक्त झिरपत होते, ते काही थांबेना. सातव्या दिवशी माणूस गेला.

पुढे महिन्या-दोन महिन्यांनी गुरुजी आले आणि म्हणाले, "सर, तुम्ही इतिहासाचे. पण पुस्तके चाळता, म्हणून विचारतो. पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे शिपाई, असं मी पोरांना पंचवीस वर्षं शिकवतोय. शिपाई तर दुपटीने वाढले होते. मग माणूस गेला कसा? आणि रक्त एकाच वेळी गोठतं कसं आणि वाहतं कसं?"

मला तेव्हा उत्तर देता आले नाही. डॉक्टर मित्रांना विचारले, पुस्तके पाहिली, आणि ध्यानात आले की हा प्रश्न नुसता वैद्यकाचा नाही, तो इतिहासाचाही आहे. शंभर वर्षांहून अधिक काळ माणसे त्याच्या मागे होती. त्याचा एक धागा आपल्या परळपर्यंत येतो. आणि योगायोग असा, की त्या इतिहासाची सुरुवातही एका काट्यानेच झाली आहे.

साल १८८२. इटलीच्या दक्षिणेला सिसिली बेटावर मेसिना नावाचे बंदर आहे. इल्या मेचनिकॉफ हा रशियन प्राणिशास्त्रज्ञ ओडेसा विद्यापीठातली नोकरी सोडून तिथे राहायला आला होता. समुद्रातल्या तारामाशाची पिल्ले काचेसारखी पारदर्शक असतात. त्यांच्या पोटातल्या काही पेशी इकडेतिकडे फिरतात, हे त्याला सूक्ष्मदर्शक यंत्रातून दिसत असे. डिसेंबरातल्या एका दिवशी घरची मंडळी सर्कस पाहायला गेली होती, हा एकटाच घरी. त्याच्या मनात आले, या फिरत्या पेशी शरीराचे रक्षण तर करीत नसतील? तसे असेल तर बाहेरची वस्तू आत शिरल्याबरोबर त्या तिच्याभोवती गोळा व्हायला हव्यात. बागेतून गुलाबाचे काटे आणून त्याने ते पिल्लांच्या अंगात टोचले. रात्रभर त्याला झोप लागली नाही. सकाळी पाहतो तर काट्याभोवती पेशींचा गराडा पडलेला! आपल्या पायात काटा राहिला की भोवती पू होतो. तो पू म्हणजे दुसरे काय? मेलेल्या आणि मरणाऱ्या पांढऱ्या पेशीच.

या शोधाचे मोल समजायचे तर त्याआधी लोक काय मानीत ते ठाऊक हवे. पांढऱ्या पेशींच्या पोटात जंतू असतात, हे त्यापूर्वीही डॉक्टरांनी पाहिले होते. पण त्यांना वाटे की या पेशी जंतूंना पाठीवर घेऊन शरीरभर पोहोचवतात. म्हणजे शिपाई नव्हेत, चोराचे साथीदार! मेचनिकॉफने सांगितले की त्या जंतूंना नेत नाहीत, खातात. यावर पंचवीस वर्षे कडाक्याचा वाद चालला. १९०८ साली त्याला पॉल एर्लिख याच्याबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले, आणि 'शिपाई' ही कल्पना पक्की होऊन हळूहळू आपल्या शालेय पुस्तकांत आली. गुरुजी शिकवीत होते ते मेचनिकॉफचेच म्हणणे. ते खोटे नाही. पण तेवढ्यानेच सारे सांगून होत नाही.

आता आपण मुंबईकडे येऊ. ओडेसात मेचनिकॉफच्या हाताखाली वाल्डेमार हाफकिन नावाचा एक ज्यू विद्यार्थी शिकला होता. पुढे तो पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये गेला. मेचनिकॉफ तिथे आधीच पोहोचला होता. १८९२ साली हाफकिनने पटकीची लस काढून स्वतःला टोचून घेतली आणि १८९३ साली तो हिंदुस्थानात आला. हाफकिनचे नाव मुंबईत सर्वांच्या तोंडी आहे, पण त्याचा गुरू म्हणजे पांढऱ्या पेशींचे काम जगाला समजावणारा माणूस, हे आमच्या इतिहासाच्या पुस्तकांत कुठे आढळत नाही. याचे मला नेहमी नवल वाटते.

१८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात आकाशियो गाब्रिएल व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी गाठीच्या तापाचे रोगी पाहून हा प्लेगच, असे निदान केले. ऑक्टोबरात हाफकिन मुंबईत दाखल झाला. ग्रँट मेडिकल कॉलेजात अगदी थोड्या जागेत त्याने काम मांडले. रश्शावर तुपाचे थेंब सोडून त्यांच्याखाली तो प्लेगचे जंतू वाढवी, आणि मग उष्णतेने ते मारून त्यांची लस करी. १० जानेवारी १८९७ रोजी ती त्याने आधी स्वतःच्याच अंगात टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगात स्वखुशीने पुढे आलेल्या कैद्यांना ती दिली गेली, आणि टोचलेल्यांत रोग पुष्कळ कमी दिसला. १८९९ साली त्याची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात गेली. तिलाच १९२५ पासून हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणतात.

तोवर लोक मुंबई सोडून पळू लागले होते. आगगाडीने ते ठाण्याला, कल्याणला, पुढे घाटावर गेले आणि त्यांच्यामागे रोगही गेला. कल्याण स्टेशनात उतारूंना उतरवून तपासीत. उंदीर पडू लागले की घरे सोडून रानात झोपड्या घालायच्या, ही रीत तेव्हापासून महाराष्ट्रभर पडली. आमच्या आजोबांच्या पिढीला ती चांगली आठवत होती. पुण्याजवळ रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी प्लेगनेच गेल्या. त्याच वर्षी जूनमध्ये प्लेगच्या बंदोबस्तातल्या जुलमाचा सूड म्हणून चाफेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. हा भाग शाळेतल्या मुलालाही पाठ असतो, तेव्हा मी त्यात अधिक शिरत नाही.

मला सांगायचे आहे ते रोग्यांच्या अंगाबद्दल. प्लेगचे जंतू गाठीत असतात तोवर एक गोष्ट. ते एकदा रक्तात उतरले की रोग्याच्या कातडीवर काळेनिळे डाग उठतात, बोटांची टोके, नाकाचा शेंडा काळा पडू लागतो, आणि नाकातोंडातून रक्तही येते. गोठणे आणि वाहणे एकदमच! गुरुजींच्या भावाला प्लेग नव्हता, जंतू निराळा होता, पण शरीरात घडले ते याच जातीचे. हाफकिनच्या काळी डॉक्टरांना हे सारे डोळ्यांना दिसत होते. त्याचे कारण मात्र त्यांना कळत नव्हते. जंतूचे विष कातडी जाळते, एवढेच ते म्हणत. आपल्या गुरूने गौरविलेल्या पेशींचा यात काही हात असेल, ही शंका हाफकिनला यावी असा पुरावाच त्या वेळी नव्हता.

तो पुरावा पुढे सशांनी दिला. १९२४ साली सानारेल्ली या इटालियन शास्त्रज्ञाने आणि १९२८ साली न्यूयॉर्कमध्ये श्वार्ट्झमन याने एक चमत्कारिक गोष्ट पाहिली. सशाला जंतूंच्या विषाचा लहानसा डोस दिला तर तो सोसतो. पण चोवीस तासांनी पुन्हा शिरेतून दुसरा डोस दिला की अनर्थ होतो. आधी टोचलेल्या जागेची कातडी काळी पडते. दोन्ही डोस शिरेतून दिले, तर मूत्रपिंडांतल्या बारीक रक्तवाहिन्या गुठळ्यांनी बुजून जातात. पहिल्या डोसाने शरीरात काहीतरी सज्ज होऊन बसते आणि दुसऱ्याला ते उसळते. ते 'काहीतरी' म्हणजे काय?

१९५० च्या सुमारास अमेरिकेत लुइस थॉमस आणि रॉबर्ट गुड यांनी याचा छडा लावायला घेतला. महायुद्धातल्या विषारी वायूच्या जातीचे नायट्रोजन मस्टर्ड नावाचे औषध पांढऱ्या पेशींचा नायनाट करते. ते आधी देऊन ठेवलेल्या सशांना पुढे विषाचे दोन डोस दिले, तर गुठळ्या झाल्याच नाहीत! दुसऱ्या सशांना रक्त गोठू न देणारे हेपारिन दिले. त्यांचीही मूत्रपिंडे वाचली. म्हणजे पांढऱ्या पेशी काढून घ्या की गोठणे थांबवा, परिणाम एकच. गोठण्याचा दोर पांढऱ्या पेशींच्या हातात होता, हे इथे पहिल्यांदा स्वच्छ दिसले. मेचनिकॉफच्या काट्यानंतर जवळजवळ सत्तर वर्षांनी.

आता हे होते कसे, ते आपल्याकडच्या शेतावरून सांगतो. आवणात पाणी भरलेले आहे, बांधाला भोक पडले. शेतकरी धावतो, चिखलाचा गोळा थापतो, भोक बुजते. रक्ताचे गोठणे म्हणजे हेच. रक्तवाहिनी कापली गेली की प्लेटलेट तिथे चिकटतात, फायब्रिन नावाच्या तंतूंची वीण पडते आणि गुठळी तयार होते. पण भोक पडले हे रक्ताला कळावे कसे? त्याची निसर्गाने योजना केली आहे. रक्तवाहिनीच्या बाहेरच्या मांसात 'टिश्यू फॅक्टर' नावाचा एक पदार्थ असतो. वाहिनी फुटली तरच रक्ताची आणि त्याची गाठ पडते. ती पडली की गोठणे सुरू झालेच म्हणून समजा.

१९७० नंतरच्या दशकात असे दिसून आले की मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशीला जंतूचे विष लागले की ती हा टिश्यू फॅक्टर स्वतःच्या अंगावर चढवते आणि रक्तातून हिंडू लागते. कुठेही जखम नाही, पण जिथे ती जाईल तिथे रक्ताला वाटते, बांध फुटला! एखाद्या बोटाजवळ हे घडले तर चांगलेच. जंतू गुठळीत कोंडले जातात, पुढे सरकत नाहीत. पण जंतू सगळीकडे पसरले, मोनोसाइट सगळीकडे बिथरल्या, की गावातल्या प्रत्येक आवणाचे दार, प्रत्येक पाट कोणीतरी चिखलाने बुजवीत सुटावे तसे होते. खालची शेते सुकतात. बोटांची टोके, मूत्रपिंडे, फुप्फुसे ही ती खालची शेते. आणि इतका चिखल वापरला गेला, की खरोखर जिथे बांध फुटला तिथे थापायला चिखलच उरत नाही. गुरुजींच्या भावाच्या सुईच्या जागा वाहत होत्या त्या यामुळे. त्याच्या प्लेटलेट मेल्या नव्हत्या हो, बऱ्याचशा गुठळ्यांतच खर्ची पडल्या होत्या. या अवस्थेवर डोनाल्ड मॅके याने १९६५ साली स्वतंत्र पुस्तकच लिहिले. डॉक्टर मंडळी तिला 'डीआयसी' म्हणतात.

मुरबाड-शहापूरच्या माणसाला हे समजायला कठीण जाऊ नये, कारण त्याने फुरसे आणि घोणस पाहिलेली आहे. फुरसे चावल्यावर डॉक्टर रोग्याचे थोडे रक्त कोरड्या काचेच्या नळीत घेऊन वीस मिनिटे तसेच ठेवतात. ते गोठले नाही तर विष भिनले असे समजतात. तिथेही रक्त न गोठण्याचे कारण हेच, की विषाने गोठण्याचा माल आधीच संपवून टाकलेला असतो. फरक एवढाच, की तिथे हा उद्योग सापाचे विष करते, आणि सेप्सिसमध्ये आपल्याच पेशी.

मोनोसाइटची गोष्ट ही झाली. पण पांढऱ्या पेशींत निम्म्याहून अधिक संख्या असते न्यूट्रोफिल या जातीची. निरोगी माणसाच्या रक्ताच्या एका घनमिलिमीटरमध्ये पांढऱ्या पेशी चार ते अकरा हजार असतात. त्यांतल्या पन्नास ते सत्तर टक्के या. जखमेत पहिल्याने धावतात त्या याच, मरतातही आधी याच. मेचनिकॉफने त्यांना खाताना पाहिले होते. २००४ साली बर्लिनच्या माक्स प्लांक संस्थेत ब्रिंकमन, झायख्लिन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांना त्या आणखीही काही करताना दिसल्या. जंतू फार झाले की ही पेशी स्वतः फुटते आणि आपल्या पोटातला डीएनएचा धागा बाहेर फेकते! वलगणीच्या दिवसांत काळू नदीत जाळे टाकतात ना, तसा. त्या धाग्यांना जंतुनाशक द्रव्ये चिकटलेली असतात. त्यात जंतू अडकतात.

पण जाळ्यात मासाच अडकतो असे थोडेच आहे? नदीतला पाला, काटक्या, सारेच येते. २००७ साली कॅनडातल्या संशोधकांनी दाखविले की सेप्सिसमध्ये प्लेटलेटच न्यूट्रोफिलला चेतवून जाळे फेकायला लावतात. २०१० साली बोस्टनमध्ये दिसले की या धाग्यांवर प्लेटलेट आणि तांबड्या पेशी चिकटतात आणि त्यांची गुठळी बनते. जाळ्याबरोबर आलेली काही द्रव्ये तर गोठणे आवरणारे रक्तातले पदार्थच कुरतडून टाकतात. एक पेशी असे रक्त बिघडवील म्हणाल, तर नाही. लाखो-कोटी पेशी एकदम फुटल्या म्हणजे काय होईल, त्याचा विचार करा. पेशींची संख्या २२ हजार झाली यात मला आता शिपायांची वाढलेली फौज दिसत नाही. धाग्याचा साठा दिसतो.

मग शरीराने ही घातकी खोड ठेवलीच कशाला, असे कोणी म्हणेल. त्याला उत्तर पुन्हा प्लेगच्या जंतूनेच दिले आहे. या जंतूजवळ एक असा पदार्थ आहे, की जो शरीराकडूनच गुठळीचे फायब्रिन विरघळवून घेतो. १९९२ साली उंदरांवर केलेल्या प्रयोगात जंतूचे हे हत्यार काढून घेतले, तेव्हा कातडीखाली टोचलेला जंतू तिथून आत पसरेना. मोठमोठे डोस दिले तरी उंदीर मरेनात. शिवाय पांढऱ्या पेशीला बारीक सुईसारख्या नळीने टोचून तिची खाण्याची ताकद मारण्याची विद्याही त्याच्याजवळ आहे. ज्या जंतूने हिंदुस्थानात काही दशकांत एक कोटीहून अधिक माणसे नेली, त्यालाही या दोन गोष्टींची भीती वाटत होती: पांढरी पेशी आणि तिने घातलेला गुठळीचा बांध. लहानशा जखमेत हा बांध आपल्याला आयुष्यभर वाचवीत असतो. शंभर काटे मोडतात, नव्याण्णव वेळा काही होत नाही, ते त्याच्याच पुण्याईने. २०१३ साली म्युनिकच्या दोन शास्त्रज्ञांनी या जोडकामाला 'इम्यूनोथ्रॉम्बोसिस' असे नाव दिले. नाव अवघड आहे. अर्थ, रोगाशी लढण्यासाठी रक्त गोठविणे.

२०२० साली करोना आला तेव्हा यातला एक शब्द आपल्या खेड्यापाड्यांत येऊन पोहोचला: डी-डायमर. हा डायमर किती वाढला, हे लोक एकमेकांना फोनवर विचारीत होते. तो म्हणजे शरीर गुठळ्या विरघळवू लागले की सुटणारा तुकडा. मृतांच्या फुप्फुसांतल्या गुठळ्यांत न्यूट्रोफिलची तीच जाळी सापडली.

हे सारे गुरुजींना मी एका रविवारी सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकले आणि विचारले, "मग गुठळ्या थांबवायचं औषध दिलं असतं तर?" प्रश्न अगदी बरोबर होता आणि जगानेही तो विचारला होता. शरीरातच गोठणे आवरणारे 'प्रोटीन सी' आहे. ते प्रयोगशाळेत तयार करून २००१ साली अमेरिकेत औषध म्हणून मान्य झाले. फार आशा होती. पण पुढच्या मोठ्या चाचणीत त्याने मरणारे कमी होईनात, आणि २०११ साली ते बाजारातून परत घेतले गेले. आवळून धरावे तर खालची शेते सुकतात, सोडून द्यावे तर बांध फुटतो. एकाच औषधाने दोन्ही साधेना. आजही डॉक्टरांचा भर मुळावरच असतो. पू काढून टाकणे, जंतूला मारणारे औषध लवकरात लवकर देणे, रक्तदाब कोसळला असेल तर तासाभराच्या आतच देणे, सलाइन, प्राणवायू. पांढऱ्या पेशी सगळीकडे बिथरण्याआधी जंतू आवरला तर आवरला.

जखमेनंतर हुडहुडी भरणे, धाप लागणे, माणूस बरळणे, लघवी कमी होणे, हातपाय गार पडून अंगावर चट्टे येणे, ही लक्षणे त्यांनी माझ्याकडून वहीत उतरवून घेतली. मग म्हणाले, "सर, लावणीच्या दिवसांत आमच्या गावातून गाडी मिळायलाच चार तास गेले होते. आणि त्याआधी चार दिवस घरात."

यंदा ते मुलांना पांढऱ्या पेशींचा धडा शिकवीत होते तेव्हा मी सहज शाळेत डोकावलो. फळ्यावर दरवर्षी काढतात तो भालेवाला शिपाई नव्हता. त्यांनी भाताचे आवण काढले होते, त्याला बांध, बांधाला भोक, आणि चिखलाचा गोळा घेऊन धावणारा एक माणूस.